रेल्वेच्या आवाजाला मातीचा बांध: चौथ्या मार्गिकेची माती बाहेर जाण्याआधी ठरवायची गोष्ट

मुरूममाती (धागाकर्ता)

जळगाव–मनमाड चौथ्या मार्गिकेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. लांबी १६० किमी. पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव ही सगळी गावं या मार्गावर आहेत आणि तिन्ही ठिकाणी वस्ती रुळांच्या अगदी जवळ आलेली आहे. नवी मार्गिका जास्त गाड्यांसाठीच असते. मालगाड्या रात्री जास्त धावतात आणि आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत (२०००) निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. रुळापासून पंचवीस मीटरवर झोपणाऱ्या माणसाला हे ४५ कधी अनुभवायला मिळत असेल?

मी मातीच्या बांधकामात काम करतो, म्हणून हा विषय त्या बाजूने मांडतो आहे. आवाज अडवायला भिंत म्हटली की आपल्यासमोर काँक्रीट येतं. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या पुलावर तेच बसवत आहेत: रुळाच्या पातळीपासून २ मीटर उंच, १ मीटर रुंद पॅनेल, एकेकाचं वजन ८३० ते ८४० किलो, दर किलोमीटरला दोन्ही बाजू मिळून २,००० पॅनेल. पुलावर दुसरं काही बसणारही नाही, तिथे काँक्रीटच योग्य. पण चाळीसगावला रूळ जमिनीवर आहेत. बाजूला जमीन आहे आणि नव्या मार्गिकेसाठी माती हलवावीच लागणार आहे. कुठे भराव, कुठे कटिंग, कुठे गटार. यातली नको असलेली माती हायवा (मोठे डंपर) भरभरून लांब नेऊन टाकतात.

ती माती वस्तीच्या बाजूला बांध म्हणून रचावी, आणि हा निर्णय मातीकामाचं टेंडर निघण्यापूर्वी व्हावा, एवढंच मला म्हणायचं आहे. एकदा माती गेली की तोच बांध घालायला मुरूम विकत आणावा लागेल आणि मग कोणीही तो घालणार नाही.

आता थोडं तंत्र. भिंतीवर आदळलेला आवाज दोन वाटांनी पलीकडे जातो, भिंतीच्या आरपार आणि भिंतीच्या माथ्यावरून वळून. आरपार जाणारा आवाज रोखायला फार वजन लागत नाही. भिंतीचं वजन चौरस मीटरला वीसेक किलो असलं की आरपार येणारा आवाज माथ्यावरून येणाऱ्यापुढे नगण्य ठरतो. ४० सेमी जाडीच्या ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला ८०० किलो भरतं. म्हणजे वजनाच्या बाबतीत माती कधीच कमी पडत नाही. जाडी वाढवून काही मिळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. फरक पडतो उंचीने आणि रुळापासूनच्या अंतराने.

हिशोब करून बघू. गाडीचा मुख्य आवाज चाक आणि रूळ घासण्याचा, तो रुळापासून साधारण अर्ध्या मीटरच्या आत जन्माला येतो. रुळापासून ४ मीटरवर ३ मीटर उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे २५ मीटरवर घरातला माणूस जमिनीपासून दीड मीटरवर ऐकतो आहे असं धरा. माथ्यावरून येणारी वाट सरळ वाटेपेक्षा सुमारे ७५ सेंमीने लांब पडते. जपानी शास्त्रज्ञ माएकावा यांच्या पद्धतीने ५०० हर्ट्झच्या, म्हणजे मधल्या पट्टीच्या, आवाजाला कागदावर १६–१७ डेसिबलची घट मिळते. प्रत्यक्षात १० मिळाली तरी आवाज कानाला निम्मा वाटतो.

आता भिंतीऐवजी तेवढाच उंच बांध घ्या. माथा १ मीटर, दोन्ही बाजूंना दीडास एक उतार (मीटरभर उंचीला दीड मीटर रुंदी). तळ १० मीटर रुंद होतो. मीटरमागे १६.५ घनमीटर, म्हणजे जवळजवळ सहा ब्रास माती. किलोमीटरला पाच हजार आठशे ब्रास. माती खपवायची असेल तर हे उत्तम, पण बांधाचा माथा रुळापासून ९ मीटर मागे सरकतो आणि वाटेतला फरक ७५ वरून ३८ सेंमीवर येतो. कागदावर अडीच-तीन डेसिबल गेले. गवताळ मऊ उतारामुळे बांधाला उभ्या भिंतीपेक्षा एक ते तीन डेसिबल जास्त मिळतात असा सर्वसाधारण अनुभव आहे, त्यामुळे हिशोब बरोबरीत येतो. जमीन मात्र १० मीटर लागते.

माझ्या मते मधला मार्ग चांगला. रुळाच्या बाजूला उभा दर्शनी भाग, जाळीत दगड भरलेला गॅबियन, आणि गावाच्या बाजूला मातीचा उतार. रुंदी साडेपाच मीटर, माती पावणेदहा घनमीटर, साडेतीन ब्रासच्या आत. माथा रुळाच्या जवळ राहतो आणि दगडांमधल्या पोकळ्या आवाज गिळतात.

अडचणी मला दिसतात त्या दोन. तापीच्या खोऱ्यातली काळी माती आणि पावसाचं पाणी. रेल्वेत काम केलेल्यांनी आणि जुनी मातीची घरं सांभाळणाऱ्यांनी लिहावं.

---

सातवा मजला

बदलापूरला रुळालगत इमारतीत राहते. धागा जळगावचा आहे तरी विचारते: आमच्यासारख्यांना याचा उपयोग आहे का? रात्री हॉर्नने बाळ दचकून उठतं. आमच्या सोसायटीत "रेल्वेने भिंत बांधावी" असा अर्ज करायचं चाललं आहे.

---

ध्वनिलहर

@सातवा मजला, ताई, तुमच्या मजल्यावर नाही. धागाकर्त्यांचीच मापं घेऊन सांगते. भिंत ३ मीटर, रुळापासून ४ मीटरवर, इमारत पुढे २५ मीटरवर. तळमजल्याला चांगला फायदा. तिसऱ्या मजल्यावर, साधारण साडेदहा मीटरवर, वाटेतला फरक १४ सेंमीच उरतो, तरी कागदावर १० डेसिबलच्या आसपास घट आहे. पाचव्यावर भिंतीचा माथा नजरेच्या रेषेला जेमतेम झाकतो, तिथे पाचेक डेसिबल. सातव्यावरून तुम्हाला चाक थेट दिसतं. जिथून चाक दिसतं तिथे भिंतीचा उपयोग नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्ध्या अर्जांचा निकाल घरबसल्या लागेल.

हॉर्नबद्दल तर तळमजल्यावरच्यांनीही आशा ठेवू नये. तो इंजिनाच्या माथ्याजवळ असतो. ४ मीटर धरला तर तिथून जमिनीवरच्या माणसाकडे येणारी रेषा भिंतीपाशी ३.६६ मीटरवर असते, म्हणजे ३ मीटरच्या भिंतीच्या वरून. तो आवाज अडतच नाही.

तुमच्या सोसायटीने खिडक्यांची काच आणि फटी यांवर पैसे घालावेत. दोन काचांमध्ये चांगलं अंतर असलेली दुहेरी खिडकी आणि रबरी पट्टीने बंद केलेल्या फटी. सातव्या मजल्यावर तोच खरा उपाय आहे.

---

रूळसोबती

नमस्कार मंडळी. आयुष्य पर्मनंट वेमध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीत गेलं, आता निवृत्त. धागा बघून बरं वाटलं, कारण मातीचा विचार रेल्वेच्या लोकांना परका नाही. भराव, कटिंग, सेस (गिट्टीच्या कडेची सपाट पट्टी), सगळी मातीच. पण तुमच्या आराखड्यात काही गोष्टी आधीच बसवल्या नाहीत तर पहिल्याच बैठकीत तो बाजूला ठेवला जाईल.

पहिली आणि सगळ्यात मोठी: गिट्टी. गिट्टी स्वच्छ असेल तर पाणी निघून जातं आणि रूळ जागेवर राहतो. तिच्यात माती गेली की पाणी अडतं, स्लीपरखाली चिखल होतो, गाडी गेली की तो वर फेकला जातो. त्याला आम्ही मड पंपिंग म्हणतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात हा त्रास मी डोळ्यांनी बघितला आहे, पॅकिंग करून आठवडा झाला नाही तोच लेव्हल गेलेली. तुमच्या बांधावरून पहिल्या पावसात वाहून आलेला गाळ गिट्टीत गेला तर पीडब्ल्यूआय (रुळांची देखभाल बघणारा निरीक्षक) तुम्हाला कधीच माफ करणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून रुळाकडच्या बाजूला उघडी माती नकोच. गॅबियन ठीक आहे, पण त्याच्या मागे पाणी झिरपेल आणि माती अडेल असं गाळणीचं कापड घाला, आणि गॅबियन व सेस यांच्यामध्ये पक्कं गटार ठेवा.

दुसरी: २५ केव्ही, म्हणजे गाडीला वीज देणाऱ्या वरच्या तारा. विद्युत मार्गाजवळ धातूची जाळी उभी केली की अर्थिंग आणि बाँडिंग आलं. गॅबियनची जाळी धातूची असते हे विसरू नका. विद्युत विभागाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. या एका बाबतीत नुसत्या मातीची किंवा विटांची भिंत सरस ठरते.

तिसरी: सेसजवळ सिग्नलच्या आणि टेलिकॉमच्या केबल गाडलेल्या असतात. त्यांच्यावर तीन मीटर माती टाकली तर दुरुस्ती कशी करणार?

चौथी: माणसं. रूळ तपासणारा कीमन रोज चालतो, ट्रॅकमेंटेनर काम करतात. गाडी आली की बाजूला व्हायला जागा हवी. सलग भिंतीत ठरावीक अंतरावर आडोसे आणि बाहेर पडायच्या वाटा हव्यात. वाट सरळ ठेवली तर तिच्यातून आवाज जातो, म्हणून दोन भिंती एकमेकींवर चढवून मधून तिरकी वाट काढा. वळणावर सिग्नल दिसण्यात भिंत आडवी येता कामा नये, फाटकाजवळ तर अजिबात नाही.

आणि घुशी. मातीच्या भरावाला घूस पोखरते. गॅबियन पुढे असला तरी मागचा उतार दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बघावा लागेल. तो कोण बघणार हे कागदावर आधी लिहा.

हॉर्नबद्दल ताईंना सांगतो. फाटकाआधी "सी/फा" असा बोर्ड असतो, सीटी फाटक. तिथे शिटी देणं हे लोको पायलटचं नियमाने ठरलेलं काम आहे. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली, पण माणूस असलेली पुष्कळ राहिली आहेत. फाटक बंद करून खाली किंवा वर पूल केला की त्या फाटकाची शिटीही थांबते. हॉर्नसाठी अर्ज करायचाच तर भिंतीऐवजी पुलासाठी करा. रुळावरून पायी ओलांडणं थांबलं तरी पुष्कळ फरक पडतो, कारण माणूस दिसला की शिटी द्यावीच लागते.

---

गढीखालचा

मी धाराशिवकडचा. आमच्याकडे गढ्यांचे बुरूज खाली दगडी आणि वर पांढऱ्या मातीचे असतात. काही बुरूज पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. ते ढासळतात ते वरून. माथ्यावरचं काम पडलं, पाणी मुरायला लागलं की चिरा पडतात, मग एखाद्या पावसाळ्यात अख्खा पोट सुटलेला भाग खाली येतो. खालचा दगड जसाच्या तसा.

धाब्याच्या घरांचंही तेच. धाब्यावर पांढरी माती दरवर्षी पसरून चोपायची, पन्हळ साफ ठेवायची. आजी होती तोवर आमच्या घराला गळती नव्हती. घर बंद राहिलं आणि चार पावसाळ्यांत भिंत बसली.

त्यामुळे मातीची भिंत टिकते का हा प्रश्न मला अपुरा वाटतो. तिच्याकडे वर्षातून एकदा कोण बघतो, यावर तिचं आयुष्य आहे. रूळसोबती काकांनी शेवटी लिहिलं तेच मी इथे पुन्हा लिहितो आहे, कारण रेल्वेच्या हद्दीतली भिंत ही कोणाच्याच घराची भिंत नसते.

---

चिरेखाण

कोकणातून. आमच्याकडे रेल्वे निम्मी-अर्धी कटिंगमधूनच जाते असं वाटावं अशी स्थिती आहे. घर कटिंगच्या वर, थोडं मागे असेल तर गाडी आली हे कंपनाने कळतं, आवाज कमी. कटिंग संपून गाडी भरावावर आली की तीच गाडी दोन वाड्यांपलीकडे ऐकू येते. मुद्दाम बांध न घालताही रूळ जमिनीच्या खाली नेले तर आवाज अडतो याचं हे उदाहरण समजा.

साहित्याचं म्हणाल तर आमच्याकडे माती कशाला, चिरा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, वाऱ्यावर राहिला की कठीण होतो. भट्टी नाही, सिमेंट फक्त सांध्याला. कोकणच्या पावसात उघडी मातीची भिंत मी कोणालाही सुचवणार नाही. घराच्या मातीच्या भिंतींनासुद्धा आमच्याकडे पश्चिमेकडून झाप बांधतात. चिऱ्याचा गडगा मात्र उघड्यावर वर्षानुवर्षं उभा राहतो.

एक शंका. जांभ्याला भोकं असतात, तो आवाज शोषतो का?

---

ध्वनिलहर

@चिरेखाण, भोकं असून भागत नाही, ती एकमेकांना आतून जोडलेली हवीत. हवा आत शिरून घासली गेली तर आवाजाची उष्णता होते. बंद खळग्यात हवा शिरते आणि तशीच बाहेर येते. चिऱ्याचा खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत काँक्रीटपेक्षा बरा असेल, पण त्याला शोषक म्हणण्याआधी प्रयोगशाळेत मोजायला हवं.

हा मुद्दा मातीलाही लागू आहे आणि धाग्यात तो राहून गेला होता. ठोकून घट्ट केलेली माती किंवा दाबलेली वीट आवाज अडवते, शोषत नाही. जवळजवळ सगळा आवाज परत फेकते. रेल्वेला याचा खास त्रास असा की डब्याची बाजूही सपाट, कडक आणि भिंतीच्या समोरच. आवाज भिंत-डबा-भिंत असा आपटत वर चढतो आणि माथ्यावरून निसटतो. घट कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी होते ती यामुळेच. शिवाय रुळांच्या पलीकडे वस्ती असेल तर इकडच्या भिंतीने तिकडचा त्रास वाढू शकतो.

उपाय तीन दिसतात. दगडी गॅबियन, पोकळ्या मोकळ्या ठेवून. भिंत रुळापासून बाहेर किंचित कलती, म्हणजे परतलेला आवाज आकाशाकडे जाईल. किंवा घट्ट भिंतीला रुळाच्या बाजूने माती आणि पेंढ्याचा हलका, जाड थर. हा तिसरा उपाय मला मनापासून आवडतो, कारण कोकण आणि पालघरच्या कारवीच्या कुडांना माती, शेण, भुसा यांचं लिंपण करणारे हात अजून आहेत. पण तो थर पावसापासून झाकला तरच. भिजून सुकून त्याची पोकळी बुजली तर काही उरत नाही.

जमिनीतून येणाऱ्या कंपनाला यातलं काहीच थांबवत नाही. पेला थरथरत असेल तर त्याची उत्तरं रुळाखाली शोधावी लागतात.

---

भारवाहक

स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. "मातीची भिंत म्हणून पर्यावरणपूरक" हे वाक्य तपासून घ्यावं असं मला वाटतं.

पावसात टिकावी म्हणून मातीत ५ टक्के सिमेंट घालतात. ४० सेमी जाड, ३ मीटर उंच भिंतीच्या एका मीटरला १.२ घनमीटर, म्हणजे २,४०० किलो माती. त्याचे ५ टक्के १२० किलो, अडीच गोण्यांना थोडं कमी. आता १५ सेमी जाडीचं काँक्रीट घ्या. मीटरला ०.४५ घनमीटर, घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर साधारण १६० किलो. वर लोखंड. बचत आहे, पण आपण समजतो तेवढी नाही. जाडी ५५ सेमी केली की बचत संपते.

आणि ती ४० सेमीची भिंत स्वतःच्या वजनावर उभी राहत नाही. मुंबईसाठी आपल्या प्रमाणकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. मोकळ्या माळावर त्याचा दाब चौरस मीटरला जवळपास १.१६ किलोन्यूटन. ३ मीटर उंचीवर भिंत उलथवणारा जोर मीटरला ५ किलोन्यूटन-मीटरच्या वर जातो, भिंतीचं वजन त्याला ४.७ नेच रोखतं. सुरक्षेचा गुणांक अजून धरलेलाच नाही. वेगाने जाणाऱ्या गाडीचा हवेचा धक्का वेगळा. जळगाव भागासाठी तिथला वेग घेऊन हिशोब करा, पण धीरे म्हणजे बट्रेस (भिंतीला टेकू देणारे खांब) लागणार किंवा पाया रुंद करावा लागणार हे नक्की.

म्हणून सिमेंटने बळकट केलेल्या जाड भिंतीपेक्षा सिमेंट नसलेला बांध मला जास्त प्रामाणिक वाटतो. जिथे साडेपाच मीटरही जागा नाही तिथे २३–२४ सेमीची दाबलेल्या मातीच्या विटांची भिंत, दर तीन-साडेतीन मीटरला धीरा. तिथे सिमेंटची खरी बचत होते.

---

हिरवळ

एवढा खटाटोप करण्यापेक्षा रुळालगत दाट झाडं लावली तर? सावली, पक्षी, धूळही कमी.

---

ध्वनिलहर

@हिरवळ, झाडं जरूर लावा, पण आवाजासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. दहा डेसिबलसाठी साठ मीटर रुंदीचं, खालपासून वरपर्यंत पानांनी भरलेलं दाट रान लागतं. एका रांगेने मोजण्याइतकाही फरक पडत नाही. गाडी दिसेनाशी झाली की त्रास कमी वाटतो हे खरं आहे आणि तेही महत्त्वाचं, पण झोपेतल्या कानाला त्याचा उपयोग नाही.

---

पोल्डरवरून

नेदरलँड्समध्ये राहतो. इथे मातीने आवाज अडवण्याचं एक वेगळं उदाहरण आहे, रेल्वेचं नाही, विमानतळाचं. शिफोलच्या पोल्डरबान धावपट्टीवरून विमान उडताना निघणारा खालचा, घुमणारा आवाज सपाट जमिनीवरून गावापर्यंत जायचा. शरद ऋतूत शेतं नांगरली की तो कमी होतो हे लोकांच्या लक्षात आलं. सऱ्या-वरंब्यांमुळे आवाज विखुरतो. त्यावरून २०१३ मध्ये बाउटेनस्कॉट नावाचं उद्यान झालं, त्यात मातीचे दीडशेच्या आसपास वरंबे आहेत, एकमेकांपासून सुमारे ११ मीटरवर. हे अंतर त्या खालच्या आवाजाच्या तरंगलांबीच्या मापाचं आहे. लोक तिथे फिरायला जातात, मुलं सायकली घेऊन येतात.

रेल्वेबाबत इकडचा अनुभव असा की आवाज जिथे होतो तिथेच कमी करणं सगळ्यात फायद्याचं. जुन्या बिडाच्या ब्रेक ठोकळ्यांनी चाक खरखरीत होतं आणि खरखरीत चाक वाजतं. संमिश्र ठोकळे बसवले की ८ ते १० डेसिबल कमी होतात. जर्मनीने डिसेंबर २०२० पासून बिडाच्या ठोकळ्यांच्या गोंगाटी वाघिण्यांना बंदी केली. ही घट सातव्या मजल्यालाही मिळते.

मातीच्या पुनर्वापराचं म्हणाल तर पॅरिसजवळ सेव्रांला मेट्रोच्या खोदकामातून निघणाऱ्या मातीपासून विटा करण्याचा सिक्ल तेर हा प्रकल्प आहे. धागाकर्ते म्हणताहेत ते यापेक्षा सोपं आहे, माती जागची हलवायचीच नाही.

---

रूळसोबती

@पोल्डरवरून, आपल्याकडे संमिश्र ठोकळे पुष्कळ वर्षांपासून आहेत आणि एलएचबी (नव्या बनावटीच्या) डब्यांना डिस्क ब्रेक. आपल्याकडे जास्त कामाचं म्हणजे रूळ घासून गुळगुळीत ठेवणं, आणि चपटं झालेलं चाक लवकर पकडणं. चपट्या चाकाचा ठोका गाव ओळखतं. सांध्यांचा खडखडाट लांब वेल्डेड रुळांनी गेला, तसंच हे आहे.

---

मुरूममाती (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. भारवाहक यांचा सिमेंटचा हिशोब मी यापुढे प्रत्येक ठिकाणी दाखवणार आहे. त्याने माझा कल बांधाकडेच आणखी झुकतो. सगळ्यांचं धरून बांधाचा छेद (आडवा कापून दिसेल तसा आराखडा) असा मांडतो.

काळ्या मातीचं उत्तर आपल्याकडे तयार आहे, पाझर तलावाच्या बांधात. गाभ्यात काळी माती, बाहेरून मुरमाचं आवरण. काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे हे होतं. उघडी ठेवली तर उतार पहिल्या दोन पावसाळ्यांत घसरेल. पण दीड-दोन फूट मुरमाच्या आवरणाखाली ती ना पटकन भिजते ना पटकन वाळते. तलावात गाभ्याला पाणी अडवायचं असतं, इथे नुसतं वजन द्यायचं आहे, त्यामुळे दर्जाची अट सौम्य. दबाईची अट मात्र तीच: २०–२५ सेंमीचे थर, योग्य ओलावा, रोलर. हायवाने ओतून बुलडोझरने वरवर सपाट केलेला ढीग म्हणजे बांध नव्हे, तो बसणार आणि ३ मीटरचा अडीच मीटर होणार. उंची गेली की सगळं गेलं.

गावाकडच्या उतारावर वाळा. त्याची मुळं तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात, आडवी पसरत नाहीत. गाळ अडतो आणि गुरं त्याचं जुनं पातं फारसं खात नाहीत. माथ्यावर पाणी साठू नये म्हणून गावाच्या बाजूला ढाळ, रुळाकडे एक थेंबही नाही. गढीखालचा यांनी बुरूज वरून ढासळतात असं लिहिलं, त्यामुळे माथ्यावर चुना मिसळलेल्या मुरमाचा दाबलेला थर धरतो.

रुळाकडे गॅबियन. दगड कुठून आणायचा? रेल्वेकडेच आहे. बीसीएम मशीनने गिट्टी चाळताना गोल झालेली, झिजलेली गिट्टी आणि भुकटी बाजूला पडते. भुकटी गाभ्यात जाईल. जाळीच्या भोकापेक्षा मोठा दगड दर्शनी बाजूला लागेल, त्यामागे जुनी गिट्टी चालेल. काका, हे बरोबर आहे का?

जिथे जागा नाही तिथे विटांची भिंत. त्यासाठी काळी माती चालणार नाही. ऑरोव्हिलच्या संस्थेचं मार्गदर्शक प्रमाण आहे: १५ टक्के बारीक खडे, ५० टक्के वाळू, १५ टक्के गाळमाती, २० टक्के चिकणमाती. घरच्या घरी अंदाज घ्यायला काचेची बरणी पुरते. पाव बरणी माती, चिमूटभर मीठ, पाण्याने भरून जोरात हलवायची आणि रात्रभर ठेवायची. खाली खडे आणि वाळू, मग गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात. वाळू कमी दिसली तर नदीऐवजी क्रशरची वापरा.

---

रूळसोबती

चाळलेली गिट्टी वापरायची कल्पना चांगली आहे. फक्त तिची मालकी रेल्वेची, तिचा हिशोब असतो, म्हणून तिचा वापर मंजूर आराखड्यातच आला पाहिजे. नंतर "पडली आहे तर घ्या" असं होत नाही. केबलसाठी गॅबियन आणि गटारामध्ये झाकणाचा पाट ठेवा, तेवढ्याने सिग्नलवाले शांत होतील.

आणि अर्ज कोणाकडे, कधी, हे लिहितो. मार्गिकेच्या आराखड्यात गावागावाचे छेद काढतात, जमिनीची हद्द ठरते. तेव्हा पाच मीटर जास्त मागितले तर त्यावर चर्चा होऊ शकते. हद्दीचे खांब रोवल्यावर होत नाही. नगरपालिकेचा ठराव, वस्ती दाखवणारा नकाशा आणि आवाजाची मोजणी, या तीन गोष्टी जोडून बांधकाम विभागाला द्या. नुसत्या तक्रारीला उत्तर येतं, छेद जोडलेला असेल तर तो इंजिनीअरला टेबलावर उलगडून बघावा लागतो.

---

ध्वनिलहर

मोजणी मी करून देऊ शकते. फोनवरचं ॲप तुलना करायला चालतं, अर्जाला जोडायला नाही. कॅलिब्रेट केलेलं मापक लागतं, माइक जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून तीन-साडेतीन मीटर दूर, निदान एक पूर्ण रात्र. मालगाडी, प्रवासी गाडी आणि हॉर्न यांच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे बांधाने काय कमी होईल आणि काय नाही हे आधीच स्वच्छ सांगता येईल. नाहीतर बांध झाल्यावर लोक हॉर्न ऐकतील आणि बांध फसला म्हणतील. चाळीसगाव किंवा पाचोऱ्यात रुळालगतचं अंगण देणारं कोणी आहे का इथे?

---

खानदेशी वारा

पाचोऱ्याला माझ्या मामांचं घर आहे, रुळापासून चाळीस पावलांवर. अंगण मोकळं आहे, वीजही आहे. मामांशी बोललो, ते म्हणाले या. बरणीतल्या चाचणीसाठी शेतातली आणि नाल्याकाठची अशी दोन ठिकाणची मातीही काढून ठेवतो. ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.